उलव्यातील नव्या आंतरराष्ट्रीय शाळेचे उद्घाटन आणि मराठीचा पहिला तास

खाडीकाठची शिक्षिका (धागाकर्ती)

नमस्कार.

गेल्या शनिवारी नवी मुंबईतल्या उलव्यात आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. या शाळेत मी मराठीची शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा धागा जाहिरातीसाठी नाही. त्या दिवशी जे पाहिले ते सांगावे आणि एका गोष्टीत आपला सल्ला घ्यावा, एवढ्यासाठी लिहीत आहे.

आधी माझ्या आनंदाचे कारण सांगते. यापूर्वी बरीच वर्षे मी ठाण्यातील एका अनुदानित मराठी शाळेत होते. तेथे दर जूनमध्ये पट मोजताना आमच्या पोटात गोळा येई. एका वर्षी पाचवीची एक तुकडी गेली, पुढच्या वर्षी सहावीची, आणि शेवटी वरच्या मजल्यावरचे वर्ग कुलूप लावून बंद करावे लागले. रिकाम्या वर्गांतले बाक एकावर एक रचून ठेवण्याचे काम आम्हा शिक्षकांनीच केले होते. त्यामुळे शनिवारी नव्या बाकांवरचे प्लास्टिकचे वेष्टन मुलांनी आपल्या हातांनी टराटरा फाडले आणि तो आवाज सबंध मजल्यावर घुमला, तेव्हा माझे डोळे भरून आले. शाळा कोणत्याही मंडळाची असो, ती उघडते आहे ही गोष्ट साजरी करण्याजोगी आहे, असे मला मनापासून वाटते.

तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात उभे राहिले की एका बाजूला खाडी आणि तिवरांची हिरवी रेघ दिसते, तर दुसऱ्या बाजूला विमानतळ. तेथे पूर्वी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी होती, विमानतळासाठी ती कापून सपाट केली आणि उलवे नदीचा प्रवाहही वळवला, असे मी मुलांना सांगत होते. त्यावर पहिलीतल्या एका मुलीने हिंदीत विचारले, "मग नदी आता कुठे राहते?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला तिला नकाशापाशी न्यावे लागले.

दीपप्रज्वलन, फीत, भाषणे हे सर्व रीतसर पार पडले. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या वृक्षारोपणाविषयी. कुंपणालगत, जेथे भराव फारसा खोल नाही, तेथे करंज आणि भेंडी या झाडांची रोपे लावायची होती. लाल मुरमाचा थर संपला आणि कुदळ एकदम मऊ जागी रुतली. खड्ड्यातून काळा, चिकट चिखल वर आला आणि त्यात नखाएवढे पांढरे शिंपले होते. खाडीचा तो ओळखीचा वास सुटला तशी काही मुले नाक दाबून मागे सरली. आमच्याकडे मदतनीस म्हणून लागलेल्या, शेजारच्या गावातल्या एक मावशी पुढे झाल्या. त्यांनी चिखलाचा गोळा उचलून तळहातावर दाबला, त्यातला शिंपला बोटाने वेगळा केला आणि म्हणाल्या, "आमचे खाजनान असाच व्हता." म्हणजे, आमच्या खाडीलगतच्या खाऱ्या शेतात असाच चिखल होता. पाहता पाहता त्यांच्याभोवती मुलांचे कोंडाळे जमले. खाजण म्हणजे काय, शिंपले येथे कोठून आले, तुम्ही येथे काय करत होतात, असे प्रश्न हिंदीत, इंग्रजीत आणि मोडक्या मराठीत सुरू झाले आणि मावशी एकेकाला उत्तर देत राहिल्या. पुढचा कार्यक्रम दहा मिनिटे खोळंबला. मुख्याध्यापिकांनी तो खोळंबू दिला, याचे मला फार अप्रूप वाटले.

आता माझा प्रश्न. राज्याने २०२० साली केलेल्या अधिनियमानुसार पहिली ते दहावीपर्यंत सर्व शाळांत, मंडळ कोणतेही असले तरी, मराठी शिकवणे अनिवार्य आहे. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली आणि दर वर्षी एकेक इयत्ता पुढे जात २०२४-२५ पर्यंत दहाही इयत्ता त्यात आल्या. कायद्याने मला वर्गात उभे केले आहे, पण मुलांच्या मनात उभे राहण्याचे काम माझे मलाच करायचे आहे. माझ्या सहावीच्या वर्गात तेलुगू, गुजराती, मल्याळम, हिंदी अशा अनेक भाषा घरी बोलणारी मुले आहेत आणि मराठी घरची असणारी मुले निम्म्याहून कमी आहेत. पुढच्या सोमवारी माझा पहिला तास आहे. त्या खड्ड्यापाशी जे घडले ते वर्गात कसे आणावे, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे.

पारसिकचा वारा

ताई, मनःपूर्वक अभिनंदन. बाकांवरचे वेष्टन फाडल्याचा आवाज वाचूनच ऐकू आला. सल्ला देण्याइतका माझा अधिकार नाही, पण पहिल्या तासाचा वृत्तान्त येथे जरूर लिहावा, ही विनंती.

भातखाचर

ताई, आपले अभिनंदन, आणि मावशींना बोलू दिल्याबद्दल आपल्या मुख्याध्यापिकांचेही आभार. मी गव्हाणच्या बाजूचा आहे. आपण लिहिलेला तो काळा चिखल माझ्या आजोबांच्या शेतातला नसेलही, पण आमच्यापैकी कोणाच्या तरी शेतातला तो निश्चित आहे. म्हणून या आनंदात सहभागी होत असतानाच मनातले थोडे बोलतो, ते कृपया विरोध म्हणून घेऊ नये.

नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. विमानतळासाठी पुढे दहा वस्त्या उठल्या. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे, वाघिवली ही नावे आज नव्या रहिवाशांना माहीत असतात ती फार तर एखाद्या स्थानकाच्या पाटीवरून. हे सारे मी आपल्याला शिकवावे असे नाही, पण या धाग्यावर नव्याने उलव्यात राहायला आलेले अनेक जण असतील, त्यांच्यासाठी लिहिले.

माझ्या वडिलांना त्या काळी सांगितले जाई की तुमची शेती जाईल, पण तुमच्या नातवंडांना चांगल्या शाळा मिळतील. शाळा खरोखर आल्या, हे मी नाकारत नाही. मात्र माझ्या माहितीतल्या एका गावची शाळा अशी आहे की पावसाळ्यात तिच्या दोन वर्गांत बादल्या ठेवाव्या लागतात, आणि त्याच गावच्या मुली शेजारच्या मोठ्या शाळांत मदतनीस म्हणून, तर मुलगे फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून कामाला जातात. काम कष्टाचे आहे आणि मानाचे आहे, त्यात कमीपणा नाही. पण आमच्या गावाने शाळेच्या आवारात पाय ठेवायचा तो फक्त गणवेश घालून आणि पगारावरच का, असा प्रश्न मला रात्री झोपताना पडतो. मावशींनी ज्या शेताचा चिखल ओळखला, त्या शेतावरच्या वर्गात त्यांच्या घरचे मूल बसणार आहे का, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे.

खाडीकाठची शिक्षिका

दादा, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. याला विरोध कसे म्हणू? उद्घाटनाच्या दिवशी हा प्रश्न मला स्वतःला सुचायला हवा होता आणि तो सुचला नाही, याचे वाईट वाटते. मावशींना एक नातू आहे, तो पुढच्या वर्षी पहिलीला जाईल. त्याच्यासाठी आमच्या शाळेत काय करता येईल याची मला पुरेशी माहिती नाही. कोणाला नियम नीट ठाऊक असतील तर कृपया लिहावे.

हिशेबनीस

धागाकर्तीताई, हा विषय मी गेली काही वर्षे जवळून अभ्यासला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा असून १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या कलम १२ (१) (क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेला प्रवेशाच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे पहिलीत किंवा पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास तेथे, किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या लागतात. शाळा कोणत्या मंडळाला जोडलेली आहे, यावर हे अवलंबून नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार यातून सूट आहे, तेव्हा आपल्या शाळेची संस्था कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियमांत असा बदल केला होता की एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला २५ टक्क्यांचे बंधन राहणार नाही. तो बदल टिकला असता तर भातखाचर यांच्या गावातील गळणारी शाळा हीच तिच्या शेजारच्या मोठ्या शाळेला सूट मिळण्याचे कारण ठरली असती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल कायम राहिला. त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते.

व्यवहाराचे सांगायचे तर अर्ज शासनाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि प्रवेश सोडतीने होतात. शाळेच्या जवळ राहणाऱ्या मुलांना आधी संधी मिळते. वंचित घटकांत इतर मागासवर्गाचाही समावेश आहे, त्यासाठी जातीचा दाखला लागतो. दुर्बल घटकातून अर्ज करायचा असल्यास वार्षिक एक लाख रुपयांच्या आतील उत्पन्नाचा दाखला लागतो. निवासाचा पुरावा आणि जन्मदाखला सर्वांनाच लागतो. ही प्रक्रिया जून उजाडेपर्यंत बहुतेक आटोपलेली असते, म्हणून कागद आताच गोळा करून ठेवावेत. मुख्य म्हणजे नव्या शाळेची नोंद या प्रक्रियेत झाली आहे का, हे आपण आतून विचारू शकता. नोंद नसेल तर अर्जदाराला यादीत शाळाच दिसणार नाही.

एक सावधगिरी. हा मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंत आहे. नववीला पोहोचल्यावर पूर्ण शुल्क समोर येते आणि त्या वेळी मूल गोंधळून जाते. आपल्या शाळेच्या व्यवस्थापनाने पुढच्या दोन वर्षांचा विचार आजच करून ठेवला, तर ते खरे मोठे काम होईल.

पालकांनाही एक गोष्ट सांगतो. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या अधिनियमानुसार प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक सोडतीने निवडले जातात. शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो आणि एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. माझा मोठा मुलगा पूर्वी ज्या शाळेत होता तेथे अशी सोडत झालीच नाही, मर्जीतल्या पालकांना दूरध्वनी करून समिती पूर्ण केली गेली, आणि मला हे दोन वर्षांनी कळले, तोवर शुल्क वाढून गेले होते. तेव्हापासून मी अधिनियम मुळातून वाचू लागलो. नव्या शाळेत पहिल्याच वर्षी पालकांनी सोडतीच्या दिवशी हजर राहावे. सवय पहिल्या वर्षी लागते.

नवा उलवेकर

मी याच परिसरात राहायला आलो आहे. नेरूळ-उरण रेल्वेचा उरणपर्यंतचा टप्पा आणि अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाल्यावर आम्ही येथे घर घेतले. मुलीला अशाच एका शाळेत घालण्याचा विचार आहे. शाळेच्या माहितीपत्रकावर आयबीचे, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचे, नाव आहे, पण 'उमेदवार शाळा' असेही बारीक अक्षरांत लिहिले आहे. याचा अर्थ कोणी सांगेल का? पुढे अकरावी-बारावीला आणि महाविद्यालयात अडचण येते का?

नेरूळची आई

माझी मुलगी आयबीचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडली आहे, म्हणून अनुभवाने लिहिते.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. शाळेला तिचा अभ्यासक्रम चालवायचा असेल तर आधी 'उमेदवार' म्हणून मान्यता मिळते, मग शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पाहणी होऊन पूर्ण अधिकृत मान्यता मिळते. प्राथमिक आणि माध्यमिक टप्पे उमेदवारीच्या काळातच शिकवायला सुरुवात होते. अकरावी-बारावीचा पदविका अभ्यासक्रम मात्र अधिकृत मान्यता मिळाल्याशिवाय सुरू करता येत नाही. त्यामुळे नवी शाळा उमेदवार असणे यात गैर काही नाही. पण मान्यता याच आवारासाठी आहे का आणि कोणत्या टप्प्यासाठी आहे, हे लेखी विचारावे.

पदविकेत सहा विषय असतात, प्रत्येकाला सातपैकी गुण असतात आणि विस्तारित निबंध व ज्ञानमीमांसा (थिअरी ऑफ नॉलेज) मिळून आणखी तीन गुण, असे एकूण ४५. निबंध चार हजार शब्दांपर्यंतचा असतो आणि त्याने माझ्या मुलीला शिस्त लावली, हे मी कृतज्ञतेने सांगते. भारतातील विद्यापीठे ही पदविका बारावीच्या समकक्ष मानतात. अडचण येते ती राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या वेळी, कारण तिचा पाया राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात आहे. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयकडे जायचे असेल तर विषयांची निवड दहावीनंतर नव्हे, त्याआधीच ठरवावी लागते.

धागाकर्तीताई, आपल्यासाठीही एक माहिती. पदविकेत घरच्या भाषेतील साहित्य शाळेच्या साहाय्याने, पण बव्हंशी स्वतः अभ्यासण्याची सोय आहे, आणि ती प्रमाण पातळीवर (स्टँडर्ड लेव्हल) घेता येते. आपल्या सहावीतील मराठी घरची मुले आज मराठी मनापासून वाचू लागली, तर पाच वर्षांनी हा मार्ग त्यांना खुला राहील. मी ही चौकशी फार उशिरा केली आणि मुलीची संधी हुकली. ती आता परदेशात शिकते आणि आजीला पत्र लिहिताना रोमन लिपी वापरते, हे पाहून माझ्या काळजात कळ येते.

जुना मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. ताईंनी जो प्रश्न विचारला त्याकडे वळतो, पण आधी 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाबद्दल थोडे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम जगाने पाहिले आणि दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पुणे जिल्ह्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने गावाच्या पाठबळावर जे उभे केले तेही सर्वांना माहीत आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९१९ साली, कऱ्हाडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, जिच्या शाळांत आपल्या पनवेल-उरण भागातल्या पिढ्या शिकल्या. हे मी नव्या शाळेला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. या तिन्ही ठिकाणी गाव शाळेच्या आत होते, आणि भातखाचर यांचा प्रश्न नेमका तोच आहे.

आता पहिल्या तासाविषयी. ताई, मुळाक्षरांपासून सुरुवात करू नका. हिंदी येणाऱ्या मुलांना देवनागरी येतेच, त्यांना पुन्हा 'अ' गिरवायला दिला की भाषा तेथेच कंटाळवाणी होते. मराठीचे वेगळेपण कानाला आणि जिभेला जाणवू द्या. हिंदीत दोन लिंगे आहेत, आपल्याकडे तीन आहेत, आणि आपल्या खड्ड्यातच ती तिन्ही सापडली आहेत: तो शिंपला, ती खाडी, ते खाजण. फळ्यावर तीन रकाने पाडा आणि मुलांना वस्तू आणून योग्य रकान्यात ठेवू द्या. मुले चुकतील, भांडतील, आणि त्या भांडणातूनच त्यांना नपुंसकलिंग कळेल. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च, 'जग' मधला ज आणि 'जागा' मधला ज, हे नुसते म्हणवून घ्या. दंततालव्य हा शब्द त्यांना सांगण्याची गरज नाही.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. मावशींना वर्गात बोलावणार असाल तर त्यांच्या बोलीला मुलांसमोर दुरुस्त करू नका. आगरी बोलीत 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'ल' होतो, आणि 'खाजणात' ऐवजी 'खाजनान' येते. तो त्या बोलीचा नियम आहे. मुलांना सांगा की पुस्तकात असे लिहितात आणि या गावात असे बोलतात, दोन्ही मराठीच. माझ्या उमेदीच्या काळात मी एका मुलाला 'कोली' म्हटल्याबद्दल पाच वेळा 'कोळी' म्हणायला लावले होते. तो पुढे कित्येक दिवस वर्गात बोललाच नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

भातखाचर

मास्तर, आपल्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल मी आपल्याला नमस्कार करतो. माझ्या वर्गातही असा एक मुलगा होता, आणि तो मीच होतो.

हिशेबनीस साहेबांनी दिलेली माहिती मी गावातल्या तरुणांच्या गटात पाठवली आहे. ताईंना तासासाठी उपयोगी पडावेत म्हणून आमच्याकडचे काही शब्द आणि त्यांचे अर्थ देतो. रूढ शब्दकोशात ते अर्धेमुर्धेच सापडतात.

भरतीचे पाणी जेथे पसरते ती खाडीलगतची खारी जमीन म्हणजे खाजण. तिच्याभोवती मातीचा बांध घालून आत भात पिकवायचे. बांधाला पाणी आत-बाहेर करण्यासाठी जे दार असते ती उघाडी. उघाडीची राखण हे जोखमीचे काम असे, कारण उधाणाच्या रात्री ती निसटली तर गावाचे वर्षाचे पीक खारट व्हायचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती ते उधाण आणि अष्टमीच्या सुमारास पाणी मंद असते तो भांग. खाऱ्या जमिनीत टिकणारे लाल तांदळाचे भात म्हणजे राता. त्याच्या पेजेला जी चव आणि ताकद होती ती आजच्या पांढऱ्या तांदळाला नाही. पाण्यात जिताडा, चिखलात चिंबोरी आणि निवट्या. निवट्या हा मासा असून चिखलावर पंखांनी चालतो, उड्या मारतो आणि माणसाची चाहूल लागली की बिळात शिरतो. शहरातल्या मुलांना तो फार आवडेल.

बांध फुटला की माझे आजोबा अर्ध्या रात्री सबंध गावाला हाक मारायचे आणि घरटी एक माणूस फावडे घेऊन निघायचा. कोणाचे शेत वाहते आहे, हे त्या वेळी कोणी विचारत नसे. ताई, जमल्यास हेही मुलांना सांगावे.

खाडीकाठची शिक्षिका

मंडळी, सोमवारी तास झाला. आपण सर्वांनी इतके भरभरून दिले की त्याचा वृत्तान्त देणे हे माझे कर्तव्य आहे.

फळ्यावर तीन रकाने पाडले. शनिवारी काढलेल्या चिखलाचे ढेकूळ मी डब्यात जपून ठेवले होते, ते टेबलावर ठेवले. पहिली पंधरा मिनिटे नुसता गोंगाट झाला. 'ती शिंपला' म्हणणारा एक गट आणि 'ते शिंपला' म्हणणारा दुसरा गट यांच्यात जो वाद रंगला तो मिटवायला घरी मराठी बोलणारी मुले पुढे आली. तोवर मागच्या बाकावर गप्प बसलेल्या त्या मुलांकडे वर्ग प्रथमच विचारणा करत होता, हे मला विशेष वाटले. 'चाक' म्हणताना तर सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे वाकून पाहिले.

मग मुख्याध्यापिकांच्या परवानगीने मावशी आल्या. सुरुवातीला त्या दारातच उभ्या राहिल्या, खुर्चीवर बसायला तयार होईनात. मी उघाडीबद्दल विचारले तशा त्या बोलू लागल्या आणि बोलता बोलता खुर्चीवर बसल्या, हे त्यांच्याही लक्षात आले नाही. बांध फुटल्याची रात्र त्यांनीही पाहिली होती. डोक्यावर पेटती बत्ती धरून त्या आईबरोबर चिखलात उभ्या होत्या, तेव्हा त्या माझ्या सहावीच्या मुलांएवढ्याच होत्या. वर्गात चिडीचूप शांतता होती. घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मुलाने शेवटी हात वर केला आणि शब्द जुळवत जुळवत मराठीत विचारले, "मावशी, निवट्या आता कुठे राहतो?" त्याने 'राहतो' म्हटले, 'राहती' किंवा 'रहता' नव्हे. मावशींनी खिडकीतून तिवरांच्या दिशेने बोट दाखवले आणि सबंध वर्ग खिडकीशी धावला.

भातखाचर दादा, आपल्या प्रश्नाबाबतही सांगते. आमची संस्था अल्पसंख्याक नाही, त्यामुळे २५ टक्क्यांचे बंधन शाळेला लागू आहे. या वर्षी वास्तू उशिरा पूर्ण झाल्याने नोंद झाली नव्हती. पुढील वर्षाच्या प्रक्रियेपूर्वी ती करण्याचे मुख्याध्यापिकांनी मान्य केले असून तसे पत्र कार्यालयाकडे दिले आहे. आठवीनंतरच्या शुल्काचा विषय त्या व्यवस्थापनाच्या बैठकीत मांडणार आहेत, त्यावर निर्णय अजून व्हायचा आहे. झाला की येथे लिहीन. आपल्या गटातील तरुणांपैकी कोणी अर्ज भरायला मदत करणार असेल तर शनिवारी दुपारी शाळेचा संगणक कक्ष वापरू देण्याची तयारीही त्यांनी दाखवली आहे.

आज सकाळी मावशी कामावर येताना दुधाच्या पिशवीत घडी घालून एक कागद घेऊन आल्या. नातवाचा जन्मदाखला होता. पावसाने एक कोपरा ओला झाला होता, तो आम्ही दोघींनी शिक्षकखोलीतल्या पंख्याखाली वाळवला आणि त्याच्या दोन प्रती काढून घेतल्या. निवासाच्या पुराव्यासाठी कोणता कागद चालेल, एवढे हिशेबनीस यांनी सवडीने कळवावे. त्यांच्या जुन्या घराचा क्रमांक आणि आताचा पत्ता वेगळा आहे.